पार्किंगच्या वहीतले टायर

स्मरणिका समितीने मला "सोसायटीचा इतिहास" लिहायला सांगितला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. भूखंड कसा मिळाला, बिल्डरशी कसं भांडलो, कन्व्हेयन्स कधी झालं, हे सगळं आपले पहिले सेक्रेटरी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील आणि त्यांनी याच अंकात लिहिलंही आहे. माझ्याकडे इतिहासाचं एकच साधन आहे. ते म्हणजे पार्किंगची वही.

२००० साली आपण राहायला आलो, तेव्हा पार्किंगचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल विभागात शिकवत होतो. "सर, गाड्यांचं तुम्हीच बघा." मी वही आखली. फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर, मेक, रंग, आणि शेवटचा रकाना टायरचा साइझ. या रकान्यावरून पहिल्याच मीटिंगमध्ये माझी भरपूर चेष्टा झाली. "सर, चपलांचे नंबरही लिहून घेता का?" असं ए-विंगमधल्या एका काकांनी विचारलं होतं. पण सवय ती सवय. पंचवीस वर्षं मी तो रकाना भरत आलो आहे, आणि आज वही उलटताना वाटतं की आपली सोसायटी कशी बदलली ते त्या एका रकान्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं.

पहिल्या पानावर नऊ गाड्या आहेत. चोवीस फ्लॅट, नऊ गाड्या, बाकी सगळ्या स्कूटर. नऊपैकी चार मारुती ८००, टायर १४५/७० आर १२. एक झेन, १४५/७० आर १३. एक सँट्रो, १५५/७० आर १३. दोन ओम्नी. आणि सी-विंगमधल्या आजोबांची प्रीमियर पद्मिनी, जिच्यासमोर मी ५.२०-१४ असं लिहिलं आहे.

नव्या पिढीसाठी हे आकडे जरा सोडवून सांगतो. १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या सत्तर टक्के. आर म्हणजे रेडियल. १२ म्हणजे रिमचा व्यास इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! असा कारभार दुसऱ्या कुठल्या धंद्यात मी पाहिलेला नाही. पद्मिनीचा आकडा त्याआधीच्या जमान्यातला, सगळा इंचांचा. ५.२० इंच म्हणजे साधारण १३२ मिलिमीटर. अँबेसेडरला ५.९०-१५ लागायचे, म्हणजे १५० मिलिमीटर. एवढी अवजड अँबेसेडर, सहा-सात माणसं कोंबून, टपावर वळकट्या बांधून, आजच्या लहानशा हॅचबॅकपेक्षा अरुंद चाकांवर महाबळेश्वरला जाऊन यायची.

मग टायर रुंद का झाले? आणि रुंद झाल्यामुळे आपलं काय भलं झालं? हा लेख त्याबद्दल आहे. शेवटी त्यात माझा एक कबुलीजबाबही आहे.

गंमत अशी की हवेचा टायर जन्माला आला तो पकडीसाठी नव्हे, अ‍ॅव्हरेजसाठी. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली त्याचं पेटंट घेतलं. तेव्हा मोटारी नव्हत्या. त्याने हवेची चाकं घोडागाडीला लावली आणि गाडी ओढायला किती जोर लागतो ते मोजून दाखवलं. लोखंडी धावेपेक्षा जोर कमी लागत होता. म्हणजे पहिला प्रश्न घोड्याच्या चंदीचा होता! त्याचा शोध लोक विसरून गेले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध पुन्हा लावला. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी मोटारीला हवेचे टायर लावले. पंक्चर काढता काढता जीव गेला, पण गाडी परत आली.

त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षं मोटारीचे टायर म्हणजे सायकलचे थोरले भाऊ. फोर्डच्या मॉडेल टी ला मागे साडेतीन इंची टायर होते, पुढे काही वर्षं तीनच इंची. हवा मात्र ठासून, साठ पौंडांच्या आसपास. १९२३ च्या सुमारास अमेरिकेत फायरस्टोनने बलून टायर आणला. तो जाड, रुंद आणि निम्म्या हवेचा होता. बसणाऱ्याच्या पाठीला आराम मिळाला. रुंदी वाढली ती आधी आरामासाठी, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत शहाणी गाडी फ्रान्समध्ये झाली. सित्रोएन कंपनी १९३४ मध्ये बुडाली आणि ती विकत घेतली मिशेलिनने. टायर करणारा मोटारीचा मालक झाला! त्यांनी खेडुतांसाठी एक गाडी काढली, टू-सीव्ही. ती १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांना दाखवली. इंजिन ३७५ सीसी, ताकद ९ अश्वशक्ती. टायर १२५ मिलिमीटर रुंद, पण चाकं उंच. दिसायला पत्र्याची छत्री. लोक हसले. पण हलकी गाडी, लहान इंजिन, अरुंद उंच चाक हा हिशेब एकमेकांत इतका बसलेला होता की ती गाडी १९९० पर्यंत तयार होत राहिली. मिशेलिनकडेच १९४६ साली रेडियलचं पेटंट झालं आणि १९४९ मध्ये तो टायर बाजारात आला. जुन्या टायरमध्ये धागे एकमेकांवर तिरपे, चटईसारखे विणलेले. गाडी पळताना ते एकमेकांवर घासत आणि तापत. रेडियलमध्ये धागे सरळ आडवे आणि त्यावर पोलादी पट्टा. म्हणजे रुंदी एक मिलिमीटरही न वाढवता पकड वाढली आणि पेट्रोलही वाचलं. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगायचो, आणि पोरं दरवर्षी विचारायची, "सर, मग रेसिंग कारचे टायर एवढे रुंद का?"

प्रश्न बरोबर आहे. शाळेत आपण शिकलो की घर्षण हे वजनावर अवलंबून असतं, क्षेत्रफळावर नाही. रबराला हा नियम पुरता लागू पडत नाही. रबर रस्त्याच्या खडबडीत दाण्यांमध्ये दाबलं जातं, त्याला धरून बसतं. तेच वजन जास्त रबरावर पसरलं, तर प्रत्येक तुकड्यावर ताण कमी पडतो, तो कमी तापतो आणि वळणावर जास्त वेळ टिकून राहतो. १९६० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांनी हे ओळखलं आणि टायर दरवर्षी फुगत गेले. तिथून ते रस्त्यावर आले. पिरेलीचा पी-७ हा बसका, रुंद टायर १९७० च्या दशकात पोर्शच्या ९११ टर्बोवर आला. मागची चाकं २२५/५०. त्या गाडीचे फोटो जगभरच्या पोरांनी भिंतीवर लावले आणि "रुंद टायर म्हणजे दमदार गाडी" हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं. तो दमदारपणा डोळ्यांना दिसतो. पेट्रोल मात्र थेंबाथेंबाने जातं, ते दिसत नाही.

आणि गंमत म्हणजे त्याच काळात, १९७३ च्या तेलसंकटाने, आपल्याकडे लोक गाडी उतारावर न्यूट्रल करून चालवायला शिकले होते. (ती सवय अजून काही जणांना आहे. कृपया सोडा. ब्रेकवर ताण येतो.)

आता थोडं विज्ञान. २००४ च्या दिवाळीत आपल्या पार्किंगमध्ये मी एक प्रयोग केला होता, तो जुन्या सभासदांना आठवत असेल. जॅकवर चाक उचलायचं, टायरला शिक्क्याची शाई फासायची, खाली खाकी कागद ठेवून चाक अलगद टेकवायचं. कागदावर ठसा उमटतो. तेवढ्या ठशावर आपला संसार चाललेला असतो. गाडी माणसांसकट हजार किलोची धरली, तर एका चाकावर अडीचशे किलो. हवा तीस पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलो. भागाकार करा, १२० चौरस सेंटिमीटरच्या आत-बाहेर उत्तर येतं. मोठ्या माणसाच्या तळहाताएवढं. आणि हवा तेवढीच ठेवून टायर रुंद केला, तरी ठशाचं क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच राहतं. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, रुंद टायरचा आखूड आणि पसरट. त्या दिवशी मुलांनी ठशांभोवती रांगोळी काढली होती. वॉचमनने आठ दिवस तिथे गाडी लावू दिली नाही.

पेट्रोल खातं कोण? टायर फिरताना ठशापाशी चपटा होतो आणि पुढे जाऊन परत गोल होतो. कणीक दाबली तर ती परत वर येत नाही. रबर येतं, पण दिलेली सगळी ताकद परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. लांबच्या प्रवासानंतर टायरला हात लावून बघा. पेट्रोल गाडीत जळणाऱ्या इंधनापैकी साधारण पाचवा हिस्सा अखेर या चपटं-गोल होण्यात जातो असं ढोबळ मानतात. टायरचा हा अडथळा दहा टक्क्यांनी घटला, तर पेट्रोल एक ते दोन टक्के वाचतं. म्हणजे टायर बदलून पाच किलोमीटरचं अ‍ॅव्हरेज वाढलं असं कुणी सांगितलं, तर हसून सोडून द्यावं. रुंद टायरचं नुकसान यापेक्षा वेगळ्या वाटांनीही होतं. टायर जड, त्याची रिम जड, समोरून वारा जास्त अडतो, आणि बहुतेक लोक रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवतात.

इथे बी-विंगमधल्या एका प्रसंगाची आठवण होते. २००३ साली एका काकांनी मारुती ८०० ला १४५/७० च्या जागी १४५/८० टायर घातले, स्पीडब्रेकरला गाडी खाली घासू नये म्हणून. महिन्याभरात ते माझ्याकडे वैतागून आले, "सर, अ‍ॅव्हरेज पडलं हो!" पडलं नव्हतं. मूळ टायरचा व्यास ५०८ मिलिमीटर, नव्याचा ५३७. चाक मोठं झालं, फेरे कमी झाले. गाडी खरी शंभर किलोमीटर गेली की मीटर साडेचौऱ्याण्णवच दाखवणार. काकांना हे पटलं, पण काकूंना पटलं नाही, आणि टायर परत बदलले गेले.

वहीत २००९ नंतरच्या पानावर एक नोंद मला फार आवडते. नॅनो. पुढे १३५/७० आर १२, मागे १५५/६५ आर १२. एकाच गाडीला दोन मापं. या रकान्यात दोन आकडे लिहायची वेळ माझ्यावर तेव्हा पहिल्यांदा आली. कारण साधं आहे. इंजिन मागे, वजन मागे. वळणावर मागची बाजू आधी घसरू नये म्हणून मागे जास्त रुंदी. पुढे वजन कमी, तिथे १३५ पुरे. किंमत आणि पेट्रोल दोन्ही वाचतं. आपल्याच पुण्यातल्या टाटांच्या इंजिनिअरांनी केलेला हा हिशेब टू-सीव्हीच्या पंक्तीत बसणारा आहे. लोकांनी गाडीला नावं ठेवली, ते असो. याच सुमारास बाहेर फोक्सवॅगनने २०१३ मध्ये एक्सएल-१ काढली, लिटरला शंभराच्या वर किलोमीटरचा दावा करणारी. तिचे पुढचे टायर ११५ मिलिमीटरचे! आणि बीएमडब्ल्यूच्या आय-३ या विजेच्या गाडीला १५५ चे, पण १९ इंची रिमवर. अरुंद आणि उंच. मॉडेल टी कडेच परत गेल्यासारखं.

आता तो कबुलीजबाब.

२०१२ मध्ये आपल्या सोसायटीतल्या एका मुलाने पहिल्या पगारातून साठवून स्विफ्ट घेतली. त्याला मी दुसरीपासून बघत आलोय. गाडी मधल्या मॉडेलची, टायर १६५/८० आर १४. त्याच गाडीच्या महागड्या मॉडेलला १८५/६५ आर १५ येत. दोन्हींचा व्यास दोन मिलिमीटरच्या फरकाने सारखाच. कंपनीने स्वतःच दोन रुंद्यांचा पर्याय ठेवलेला, अ‍ॅव्हरेज पाहिजे त्याला एक, पकड पाहिजे त्याला एक. पोराला दोन्ही नको होते. त्याला मॅगव्हील आणि १९५/६० हवे होते. तो वर आला, म्हणाला, "सर, टाकू का? तुम्ही हो म्हणालात तर आई ऐकेल."

मी कागद घेतला, व्यास काढला, पाऊण टक्क्याचा फरक आला. मीटर बिघडणार नाही. मी त्याला पकडीचं सगळं समजावलं. वळणावर फायदा, कोरड्या रस्त्यावर ब्रेकला थोडा फायदा, लिटरमागे एखादा किलोमीटर जाईल. तो खूश झाला. त्याच्या आईला मी जिन्यात भेटल्यावर म्हटलं, "वहिनी, काळजी करू नका, जास्त सुरक्षित आहे." हे माझे शब्द आहेत. मी ते विसरलेलो नाही.

पावसाबद्दल मी एक अक्षर बोललो नाही. आणि हाच धडा मी वीस वर्षं फळ्यावर शिकवत होतो! १९६३ साली नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून दाखवलं की धावपट्टीवर पाणी साचलेलं असेल, तर एका वेगानंतर टायर पाण्यावर तरंगतो. तो वेग टायरमधल्या हवेच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. तीस पौंड हवा असेल तर ताशी ९० किलोमीटरच्या आसपास, चोवीस असेल तर ८२ च. पुढे त्यांनीच ठशाच्या आकाराचाही हिशेब धरला. आखूड, पसरट ठसा लवकर तरंगतो. साधं गणित करा. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी, वेग ८०. जमिनीला टेकणारा पट्टा बारा सेंटिमीटरचा असेल तर त्या टायरला दर सेकंदाला आठ लिटर पाणी बाजूला सारायचं असतं. पट्टा चौदाचा झाला की नऊ लिटरच्या वर. आणि खाचा झिजलेल्या असतील तर ते पाणी जाणार कुठे?

जुलै २०१४. मायलेक एक्सप्रेस वेने मुंबईला निघाले होते. कामशेतचा बोगदा ओलांडल्यावर पावसाची सर आली. रस्त्याच्या एका भागात पाणी साचलं होतं आणि गाडीचा काटा नव्वदच्या पुढे होता. तो मला नंतर म्हणाला, "सर, स्टिअरिंग एकदम हलकं झालं, हातात काही नाहीच असं वाटलं." गाडी अर्धी फिरली आणि कडेच्या कठड्याला डावीकडून घासत गेली. त्याला खरचटलंसुद्धा नाही. वहिनींचं उजवं मनगट आणि गळपट्टीचं हाड मोडलं. त्या शिवणकाम करत. सोसायटीतल्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या हातचे असत. मनगट बसलं, पण पहिल्यासारखं नाही. मशीन त्यांनी पुढच्या वर्षी विकलं.

गाडी गॅरेजला आली तेव्हा मी जाऊन बघितली. शाबूत राहिलेल्या दोन टायरमध्ये २४ पौंड हवा होती. ज्या दुकानातून टायर घेतले, तिथे त्याला सांगितलं होतं, "रुंद टायर आहे, हवा कमीच ठेवा, गादीसारखी चालेल." आणि पावणेदोन वर्षांत कामानिमित्त चाळीस हजार किलोमीटर झाले होते. खाचेच्या तळाशी झीज दाखवणारी १.६ मिलिमीटरची खूण असते, रबर तिच्या बरोबरीला आलं होतं.

त्या दिवशी १६५ चे टायर असते तर गाडी घसरलीच नसती, असं मी म्हणू शकत नाही. वेग होता, हवा कमी होती, टायर झिजले होते. रुंदी हा चौथा गुन्हेगार, आणि कदाचित सर्वांत लहान. नवे, भरपूर खाचांचे, योग्य हवेचे १९५ हे झिजलेल्या १६५ पेक्षा केव्हाही चांगले. हे सगळं मला माहीत होतं, आणि विचारायला आलेल्या पोराला मी त्यातलं एकच पान वाचून दाखवलं. उन्हाळ्यातलं. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो आणि मी त्याला जणू राजस्थानात गाडी चालवायची आहे असा सल्ला दिला.

वहिनींनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. संक्रांतीला तिळगूळ आधी आमच्याकडे येतो. हा प्रसंग छापण्यापूर्वी मी त्यांना मजकूर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "नाव नका घालू, बाकी राहू द्या. कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

त्यानंतर मी वहीत एक रकाना वाढवला, हे जुन्या सभासदांनी पाहिलं असेल. "हवा." दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी गेज घेऊन खाली बसतो. कुणी येतं, कुणी नाही. गेल्या मे मध्ये एकतीस गाड्या तपासल्या, त्यातल्या अकरांत हवा पाच पौंडांहून जास्त कमी होती. गाड्या महागड्या, हवा फुकट.

वहीच्या ताज्या पानावर आता १४५ हा आकडा फक्त दोनदा येतो. क्रेटासमोर २१५/६० आर १७ आहे, विजेच्या नेक्सॉनसमोर २१५/६० आर १६. पद्मिनीच्या १३२ पासून २१५. म्हणजे पंचवीस वर्षांत आपलं चाक दीडपटीहून रुंद झालं, आणि पार्किंगचे पट्टे तेच राहिले, त्यामुळे रोज संध्याकाळी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आजचा २१५ हा जुन्या १५५ इतका खादाड असेलच असं नाही. १९९२ मध्ये मिशेलिनने रबरात काजळीऐवजी सिलिका घालून कमी इंधन खाणारा टायर आणला, तेव्हापासून पकड आणि बचत यांचं भांडण बरंच मिटलं. युरोपात २०१२ पासून टायरवर फ्रिजसारखं लेबल लागतं, एका बाजूला इंधन, एका बाजूला ओल्या रस्त्यावरची पकड. आपल्याकडेही २०२२ मध्ये सरकारने टायरचा अडथळा, ओली पकड आणि आवाज यांची किमान मापं ठरवून दिली. दुकानात गेल्यावर रुंदीच्या आधी हे विचारा. आणि गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने चिकटवलेला कागद असतो, त्यावर माप आणि हवा दोन्ही लिहिलेलं असतं. तो बहुतेकांनी वाचलेला नसतो.

तो मुलगा आता दोन मुलांचा बाप आहे. गेल्या महिन्यात तो त्याच्या नव्या गाडीच्या टायरचं विचारायला वर आला. या वेळी वहिनीही बरोबर होत्या, खुर्ची ओढून बसल्या. मी कागद घेतला आणि सुरुवात पावसापासून केली. दीड तास लागला. त्याने कंपनीचंच माप ठेवलं, ओल्या पकडीचा आकडा बघून टायर निवडले. वहीत नोंद केली आहे: १८५/६५ आर १५, हवा ३०.